तारण

दिवाळीच्या पणत्या उचलून ठेवायच्या आत नांदूरघाटाच्या आसपासची कितीतरी घरं ऊसतोडीसाठी कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती बहुतेक खर्चूनही झालेली असते. हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते आणि त्याच बाकीपायी पुन्हा फडात उतरावं लागतं. राबूनही न फिटणारं देणं म्हणजे काय, हे आमच्या केज तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ख्रिस्ती धर्मातली पापाची कल्पना याच भाषेत मांडलेली आहे. येशूच्या अरामी बोलीत 'होबा' या एकाच शब्दाने कर्जही सांगत आणि पापही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेत माफी मागितली आहे ती ऋणांची. मराठी ख्रिस्ती मंडळींनी उद्धारासाठी रुळवलेला शब्द तर मला फार बोलका वाटतो: तारण. पतसंस्थेत दागिना ठेवतात तेही तारणच.

आपल्याकडे षड्रिपू जिंकायचे म्हणजे साधना, निग्रह, तप. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात या निग्रहाची हार कबूल केली आहे. चांगलं काय ते कळतं, करावंसंही वाटतं, तरी हातून नको तेच घडतं, असं तो म्हणतो. आठव्या अध्यायात सुटका येते ती बाहेरून. ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान यांत पापाची धनीपणाची सत्ता मोडली, आणि विश्वासाने त्याच्याशी जोडलेला माणूस त्या सत्तेतून सुटला. विजय आधी पदरात पडतो, तसं जगणं मागून सुरू होतं. मागून सुरू झालेलं ते जगणं कुठवर पोचतं, यावर मात्र एकमत नाही. धर्मसुधारक ल्यूथरच्या मते श्रद्धावान माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. मेथडिस्ट पंथाच्या वेस्लीला याच जन्मात प्रेमाची पूर्णता शक्य वाटत होती. कॅथलिक माणूस पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला जातो.

मराठी मुलखात हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका क्वचितच कुणी जगून पाहिला असेल. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमधल्या फुलहॅमला जोगिणींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. असं कोण करतं आणि का, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आला, समाजाने दूर ठेवलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो तो. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या या विदुषीला त्यांत बाईसाठी स्वतंत्र मोक्ष सापडला नव्हता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मधे आठ वर्षं गेली. विधवांसाठीचं त्यांचं शारदा सदन उभं राहिलं, नाव झालं, तरी मनाला स्वस्थता नव्हती. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. धर्मगुरू म्हणून काम करता करताच त्याला आपण अजून तरलो नाही हे उमगलं होतं. रमाबाईंना त्यात आपलीच अवस्था दिसली. एवढ्या विद्वान, एवढ्या कर्त्या बाईने आपली पाटी कोरी आहे असं म्हणावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात वाचलेल्या शेकडो मुली आल्या. तिथे 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठी वेगळी इमारत झाली. रमाबाईंनी तिला सुधारगृह म्हटलं नाही, कृपासदन म्हटलं. १९०५च्या जानेवारीत प्रार्थनागट सुरू झाला आणि जूनअखेर तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं. मुली रडत रडत आपली पापं उघड सांगू लागल्या, प्रार्थना तासन्‌तास चालल्या. वेल्समधल्या आदल्या वर्षीच्या जागरणाच्या बातम्या तोवर हिंदुस्थानात पोचल्या होत्या. मला मात्र त्या रडण्याहून पुढची गोष्ट मोठी वाटते: त्यांतल्या कित्येक मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सांगायला निघाल्या. कालपर्यंत ज्यांना घरात जागा नव्हती, त्या आता दुसऱ्याच्या दारात उभ्या होत्या.

पुढची वर्षं रमाबाई बायबलच्या भाषांतराला बसल्या. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळेल असा सोपा शब्द त्यांना हवा होता आणि पंडिती संस्कृत त्या जाणून बाजूला सारत होत्या. पानं मुक्तीतल्याच छापखान्यात मुली जुळवत होत्या. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटची मुद्रितं तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.