तीन पैशांतील प्रेम : जॅझयुगातील एक संगीतिका आणि तिचा मराठी अवतार

प्रास्ताविक

पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' या नाटकाची चर्चा मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेली आढळते. बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या नाट्यविचाराचा मराठी रंगभूमीवरील प्रभाव हे पहिले अंग होय. सत्ता, पोलीस आणि गुन्हेगार यांच्या संगनमतावरील उपहास हे दुसरे. दोन्ही अंगांचे महत्त्व निर्विवाद आहे. आणीबाणी उठल्यानंतर वर्षभरातच, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आणले, हे लक्षात घेता राजकीय वाचनाकडे अभ्यासकांचा कल असणे स्वाभाविकही आहे. मात्र या चर्चेत एक गोष्ट बाजूला राहून जाते. मूळ नाटकाचे कथानक प्रेमाचे आहे. एका पुरुषाभोवती तीन स्त्रिया, त्यांपैकी एकीशी गुपचूप लग्न, दुसरीला दिलेले वचन आणि तिसरीने पैशासाठी केलेला विश्वासघात, असा हा सारा मामला आहे. हे प्रेम खरे की खोटे, याचा निवाडा संवाद करीत नाहीत. तो गाण्यांवर सोपविलेला आहे. तेव्हा या नाटकाचे मराठीकरण म्हणजे नेमके कशाचे भाषांतर, हा प्रश्न संगीताच्या बाजूने विचारणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

मूळ नाटक आणि त्याचे संगीत

ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांची ही कृती ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमधील शिफबाउअरडाम येथील नाट्यगृहात प्रथम सादर झाली. तिचा आधार दोनशे वर्षे जुना होता. जॉन गे यांचे 'बेगर्स ऑपेरा' लंडनमध्ये जानेवारी १७२८ मध्ये रंगभूमीवर आले होते. एलिझाबेथ हाउप्टमान यांनी त्याचा जर्मन अनुवाद केला आणि त्या अनुवादावर ब्रेख्त यांनी नवे नाटक उभे केले. (हाउप्टमान यांचे श्रेय पुढे बराच काळ झाकलेलेच राहिले, हे येथे नमूद केले पाहिजे.) गे यांनी आपल्या नाटकात एकोणसत्तर पदे घातली होती आणि त्यांतील बहुतेकांना लोकांच्या ओठांवर असलेल्या चाली दिल्या होत्या. इटालियन ऑपेराच्या भारदस्तपणाची थट्टा करणे, हा त्यामागील एक हेतू होता.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावण्या अशा परिचित चालींचाच आधार घेतला होता. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून एखाद्या ठाऊक गाण्याचा निर्देश असे. प्रेक्षक नवे शब्द ऐकताना मनात जुने गाणेही ऐकत असे. दोन गाणी एकाच वेळी ऐकू येण्याची ही सोय गे यांनी उपहासासाठी वापरली, किर्लोस्करांनी रसपोषासाठी. साधन मात्र एकच.

वाइल यांनी १९२८ मध्ये जुन्या चालींऐवजी जुने-नवे प्रकार घेतले. अवघ्या सात वादकांचा संच अनेक वाद्ये आलटून-पालटून वाजवीत असे. त्यात सॅक्सोफोन, ट्रंपेट आणि बँजो ही वाद्ये होती. फॉक्सट्रॉट, टँगो, ब्लूज हे त्या काळच्या बर्लिनमधील नृत्यगृहांचे आणि कॅबरेंचे बोल होते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतून युरोपात पसरलेल्या जॅझ संगीताने तेथील तरुण पिढीला मोकळेपणाचे एक नवे वळण दिले होते. त्याच संगीताभोवती पैसा, मद्य आणि एका रात्रीपुरते प्रेम यांचा वासही होता. १९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझींनी या नाटकावर बंदी घातली आणि वाइल यांना देश सोडावा लागला.

या संगीताचे कार्य नेमके काय, हे एका प्रसंगावरून स्पष्ट व्हावे. नायक मॅकहीथ हा दरोडेखोरांचा म्होरक्या आहे. भिकाऱ्यांचा धंदा चालविणाऱ्या पीचमच्या मुलीशी, पॉलीशी, त्याने चोरीच्या सामानाने सजविलेल्या तबेल्यात नुकतेच लग्न केले आहे. सासऱ्याने त्याला पकडून देण्याचा चंग बांधला आहे. तरीही शहर सोडून पळण्याऐवजी तो सवयीप्रमाणे वेश्यागृहात जातो. तेथे त्याची जुनी सोबतीण जेनी आहे. तिने पैसे घेऊन त्याची खबर देण्याचे आधीच ठरविले आहे. अशा वेळी ही दोघे मिळून गत दिवसांची आठवण काढणारे एक गाणे गातात. लय टँगोची आहे. चाल इतकी मधुर की केवळ सूर ऐकणाऱ्यास एखादे वयस्क दांपत्य संसाराची पहिली वर्षे आठवीत आहे, असेच वाटावे. शब्द ऐकावेत तर त्यांत दलाली आहे, मारहाण आहे, न जन्मलेल्या मुलाचा उल्लेख आहे. गाणे संपते तेव्हा शिपाई येऊन उभा असतो.

या गाण्यातील प्रेम लटके आहे काय? लटके म्हणावे तर सूर आड येतात. खरे म्हणावे तर शब्द आड येतात. विद्यार्थ्यांना या प्रसंगाचा केवळ अनुवादित मजकूर वाचावयास दिला असता ते जेनीला सरळ खलनायिका ठरवितात. ध्वनिमुद्रण ऐकविल्यानंतर त्यांचे मत डळमळते, असा माझा वर्गातील अनुभव आहे. वाइल यांनी टँगो निवडला, कारण बर्लिनच्या प्रेक्षकाने त्याच लयीवर कधीतरी कुणाच्या कमरेभोवती हात घातलेला होता. प्रेक्षकाची स्वतःची कोवळी आठवण त्या दलालीच्या हकिकतीत ओढली जाते आणि त्याला अवघडल्यासारखे होते. हे अवघडलेपण हाच या कृतीचा गाभा आहे, असे मला वाटते.

मुंबईच्या उपनगरांतील जॅझ

आता मराठी रूपांतरकारापुढील अडचण ध्यानात यावी. मराठी प्रेक्षकाच्या आठवणीत टँगो नाही. तथापि जॅझ मुळीच नव्हता, असेही नाही.

मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या नृत्यदालनात लिऑन ॲबी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचे वाद्यवृंद वाजत होते. मराठी मध्यमवर्गाला त्या दालनाचा उंबरठा ओलांडण्याचे प्रयोजन नव्हते. त्याच्या कानापर्यंत हे संगीत पोहोचले ते उपनगरांतील चित्रपटगृहांतून आणि त्याच उपनगरांतील स्टुडिओंतून. मालाडची बॉम्बे टॉकीज १९३४ साली उभी राहिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९४३ मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान काढली. याच फिल्मिस्तानच्या 'शहनाई' (१९४७) या चित्रपटाला सी. रामचंद्र यांचे संगीत होते. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्यास जन्मलेल्या या रामचंद्र चितळकरांनी पाश्चात्त्य नृत्यसंगीताची लय हिंदी गाण्यात सर्वांच्या पायांत ठेका धरावयास लावील अशा रीतीने रुजविली. त्यांच्या या कामात गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. आल्दोना गावचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकी ठळक नाव. 'अलबेला' (१९५१) मधील वाद्यवृंद ऐकला म्हणजे याची खूण पटते.

परंतु या मार्गाने आलेला जॅझ आपल्याकडे गमतीचा झाला. नायक खट्याळपणा करू लागला की ट्रंपेट वाजे; पुढील दशकांत खलनायकाच्या अड्ड्यावर सॅक्सोफोन वाजू लागला. नायिकेच्या अंतःकरणातील व्यथेला सतार आणि सारंगी राखून ठेवलेली होती. म्हणजे मराठी श्रोत्याच्या लेखी जॅझ हे एक तर थट्टेचे संगीत होते, नाही तर दुष्टांचे. आपल्या स्वतःच्या प्रेमाच्या आठवणीशी त्याचा संबंध फारसा आला नाही. वाइल यांच्या चाली जशाच्या तशा मराठी शब्दांवर बसविल्या असत्या, तर जेनीचे गाणे मराठी प्रेक्षकाला एखाद्या चित्रपटातील क्लबदृश्यासारखे भासले असते. त्यात बोचण्यासारखे काही उरले नसते.

मराठी अवतार

पु. ल. देशपांडे यांना ही अडचण इतरांपेक्षा अधिक नेमकी कळली असावी, असे मानण्यास जागा आहे. ते स्वतः उपनगरांचे अपत्य होते. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी जन्मलेल्या पु. लं.चे बालपण जोगेश्वरी आणि विलेपार्ले येथे गेले, शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात झाले. बर्लिनमध्ये नाटकाचा पडदा वर गेला तेव्हा त्यांना नववे वर्ष चालू होते. ज्यास आपण जॅझयुग म्हणतो, तेच हे दशक. त्या दशकात पार्ल्यातील मुलाच्या कानावर मात्र बालगंधर्वांची पदे, भजने आणि घरोघरच्या पेटीचे सूर पडत होते. पुढे ते स्वतः उत्तम पेटीवादक आणि संगीतकार झाले. एखाद्या चालीबरोबर श्रोत्याच्या मनात काय काय जागे होते, याची जाण त्यांना पुस्तकांतून मिळवावी लागली नाही.

नाटकाच्या मराठी प्रयोगात वाइल यांच्या चाली घेण्यात आल्या नाहीत. नवे संगीत रचले गेले, आणि त्यात आनंद मोडक व नंदू भेंडे यांचा महत्त्वाचा सहभाग होता. नाट्यसंगीत, तमाशातील लावणी आणि पाश्चात्त्य धर्तीचे पॉप-रॉक संगीत एकाच रंगमंचावर शेजारी-शेजारी आले. मॅकहीथचा मराठी अवतार असलेल्या अंकुशची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. मुंबईत अलेक पदमसी यांच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते यापूर्वी जूडासच्या भूमिकेत गायले होते. विश्वासघातक्याची भूमिका गाजविलेल्या गायकाकडे आता विश्वासघात झालेल्याची भूमिका आली, हा योगायोग मजेदार खरा.

या संगीतमिश्रणाकडे पुष्कळदा 'प्रयोगशीलता' एवढ्या एका शब्दाने पाहिले जाते. तो शब्द अपुरा आहे. तिन्ही प्रकारांबरोबर प्रेमाविषयीची एकेक समजूत येते. नाट्यपदातील प्रेम एकनिष्ठ असते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील सिंधूने ही समजूत मराठी मनात इतकी खोल रुजविली की, त्या धाटणीचा आलाप ऐकू येताच प्रेक्षक गाणाऱ्या स्त्रीवर विश्वास ठेवून मोकळा होतो. लावणीत प्रेमाबरोबर देण्याघेण्याचा व्यवहार उघड बोलला जातो. शालू मागण्यात कुणाला संकोच नसतो आणि दौलतजादा तर प्रेक्षकांसमोरच होते. पॉप-रॉकच्या सुरात, निदान १९७८ च्या महाविद्यालयीन तरुणाच्या कानाला, कोणाचेही देणे न लागणारी तरुणाई होती. मागचे आठवू नये, पुढचे विचारू नये, असा त्याचा तोरा.

हे तीन सूर एकाच प्रेमकथेत ठेवले म्हणजे पात्रांना एकमेकांची भाषाच कळत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. वाइल यांच्याकडे दुरावा एकाच गाण्याच्या आत आहे: सूर एक सांगतात, शब्द दुसरे. मराठीत तो दुरावा गाण्यागाण्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मूळ कृतीची धार यात काहीशी बदलली, हे मान्य केले पाहिजे. बर्लिनच्या प्रेक्षकाला स्वतःच्या हळवेपणाची लाज वाटावी, अशी ती योजना होती. मराठी प्रेक्षक नाट्यपदाच्या विडंबनाला मनमुराद हसतो आणि हसल्यामुळे थोडा सुटतो. पु. लं.च्या विनोदाचे सामर्थ्य आणि मर्यादा या ठिकाणी एकत्र येतात. मात्र लावणीच्या बाबतीत मराठी रूपाला एक लाभ झाला, जो मूळ कृतीला नव्हता. टँगोला आपला बाजार लपवावा लागतो. लावणीला तो लपवावा लागत नाही. प्रेम आणि किंमत ही एकाच श्वासात बोलू शकणारा गीतप्रकार मराठीत आधीपासून तयार होता, आणि तो गाणारी स्त्री केवळ त्या कारणाने खोटी ठरत नाही.

छापील संहिता वाचून हे सारे हाती लागत नाही. आपल्या अभ्यासक्रमांत रूपांतरित नाटके शिकविताना मूळ संवाद आणि अनुवादित संवाद यांची तुलना होते. पदे बहुधा 'गाणी' म्हणून ओलांडली जातात. या नाटकाच्या बाबतीत तसे केल्यास तीन स्त्रियांपैकी निदान एकीवर अन्याय होतो. मूळ संहितेत जेनीच्या पहिल्या खबरीनंतर मॅकहीथ तुरुंगातून निसटतो. जेनी आणि तिच्या सोबतिणी ठरलेले पैसे मागावयास पीचमच्या घरी जातात. माणूस पळाला, आता पैसे कसले, असे पीचमची बायको त्यांना ऐकविते. जेनी संतापते. मॅकहीथ तुम्हा सर्वांहून भला आहे, काल रात्री तो आपल्याकडे येऊन गेला आणि आता दुसऱ्या एका सखीचे सांत्वन करीत आहे, असे ती अभिमानाने बोलून जाते. त्या बोलण्यातून त्याचा ठावठिकाणा फुटतो आणि तो पुन्हा पकडला जातो.