बेटावरचा पाहुणचार आणि बेटावरचा कायदा : मॉरिशस आणि लैंगिक अल्पसंख्याकांचे पर्यटन

उष्णकटिबंधातील छोट्या द्वीपराष्ट्रांना परकीय चलनासाठी समुद्रकिनारा आणि पाहुणचार यांवरच मोठी भिस्त ठेवावी लागते आणि हिंदी महासागरातील मॉरिशस हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे साडेबारा लाख लोकवस्तीच्या या देशात २०१९ मध्ये १३ लाख ८३ हजारांहून अधिक पर्यटक आले, म्हणजेच त्या वर्षी पाहुण्यांची संख्या यजमानांपेक्षा जास्त होती. समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलैंगिक आणि पारलिंगी व्यक्ती, ज्यांना एकत्रितपणे एलजीबीटीक्यू किंवा लैंगिक अल्पसंख्याक म्हटले जाते, तेही या पर्यटकांमध्ये आहेत. मात्र ४ ऑक्टोबर २०२३ पर्यंत या देशाची दंडसंहिता दोन सज्ञान पुरुषांमधील परस्परसंमतीच्या आणि चार भिंतींआडच्या शरीरसंबंधालाही पाच वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र असा गुन्हा मानत होती. तरीही किनाऱ्यावरची हॉटेले बहुधा पाहुण्यांच्या खाजगी आयुष्याची चौकशी करीत नसत. पाहुणचार आणि कायदा यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले आणि ते कोणी कमी केले, हे समजून घेतल्याशिवाय अशा पर्यटनाचा नैतिक अर्थ लावता येत नाही.

या कायद्याचे मूळ वसाहतींच्या इतिहासात आहे. १७१५ पासून फ्रेंचांच्या ताब्यात असलेले हे बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले. १८१४ च्या पॅरिस तहाने ते ब्रिटनकडेच राहिले आणि शेजारचे रेयुनियाँ बेट फ्रान्सला परत मिळाले. फ्रान्सने १७९१ च्या दंडसंहितेतच समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळले होते. त्यामुळे १८३८ मध्ये मॉरिशससाठी तयार झालेल्या आणि बव्हंशी फ्रेंच धर्तीवर बेतलेल्या दंडसंहितेत या संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम २५० आले ते फ्रेंच परंपरेतून नव्हे, तर इंग्रजी कायद्यातून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ ज्या संहितेचा भाग होते, ती १८६० ची संहिताही इंग्रजी राजवटीतच तयार झाली. आज रेयुनियाँ हा फ्रान्सचा प्रांत असल्यामुळे तेथे २०१३ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. एकाच ज्वालामुखीय द्वीपसमूहातील आणि साखरेच्या एकाच इतिहासातील ही दोन बेटे एकमेकांपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असूनही केवळ सत्ताधीश बदलल्यामुळे दोन वेगळ्या न्यायव्यवस्थांखाली वाढली. समलिंगी संबंधांना विरोध करणारा कायदा म्हणजे स्थानिक संस्कृतीचा उद्गार आहे, हा समज या तुलनेपुढे टिकत नाही.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला, परंतु कलम २५० कायम राहिले. २००५ मध्ये ‘कोलेक्टिफ आर्क-आँ-सिएल’ ही लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. २००७ च्या लैंगिक गुन्हेविषयक विधेयकात हे कलम रद्द करण्याचा प्रस्ताव होता, मात्र त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. त्यानंतर संसदेने २००८ मध्ये संमत केलेला आणि २०१२ पासून अमलात आलेला समान संधी कायदा या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण नोकरी, शिक्षण, वस्तू व सेवा आणि निवास यांबाबत लैंगिक कलाच्या आधारे, म्हणजे व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते या कारणावरून, भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. परिणामी एक विलक्षण विसंगती निर्माण झाली : समलिंगी आहे म्हणून एखाद्याला कामावरून काढणे किंवा त्याला खोली नाकारणे बेकायदेशीर होते, पण त्याच खोलीतील त्याचे प्रेम दंडनीय होते.

प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवर या कलमाखाली खटले क्वचितच चालत, हे खरे असले तरी त्यामुळे कलम निरुपद्रवी ठरत नव्हते. ज्याच्या माथी गुन्हेगारीचा शिक्का आहे, तो ब्लॅकमेल करणाऱ्याविरुद्ध किंवा मारहाण करणाऱ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात जाताना स्वतःच आरोपी होण्याची भीती बाळगतो, आणि ही भीती आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्यापेक्षा आयुष्यभर तेथेच राहणाऱ्या नागरिकाला कितीतरी अधिक ग्रासते. २०१८ मध्ये राजधानी पोर्ट लुईमधील अभिमान पदयात्रा विरोधकांच्या जमावामुळे आणि आयोजकांना आलेल्या धमक्यांमुळे निघू शकली नाही. रिसॉर्टच्या आवाराबाहेर पाऊल टाकल्यावर समाजाचा कौल किती वेगळा असू शकतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

२०१९ मध्ये कलम २५० चा प्रश्न मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘आ सीक विरुद्ध मॉरिशस राज्य’ या खटल्यास कोलेक्टिफ आर्क-आँ-सिएलचे पाठबळ होते, तर दुसरी याचिका हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या चार तरुणांनी मिळून दाखल केली होती. राज्यघटनेचे कलम १६ भेदभाव करणारे कायदे निषिद्ध ठरवते. त्यातील ‘लिंग’ या आधारात लैंगिक कलाचाही समावेश होतो, असा अर्थ न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लावला आणि सज्ञान पुरुषांमधील संमतीचे खाजगी संबंध कलम २५० च्या कक्षेतून वगळले. हे कलम मॉरिशसच्या स्वतःच्या मूल्यांतून आलेले नसून ब्रिटिश राजवटीचा वारसा आहे, असे निकालात नमूद झाले, आणि समाजाची संवेदनशीलता हे भेदभाव चालू ठेवण्याचे पुरेसे समर्थन म्हणून स्वीकारले गेले नाही. भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंह जोहर निकालाने कलम ३७७ बाबत हेच अंतर कापले होते. मात्र गुन्ह्यातून मुक्तता म्हणजे समान नागरिकत्व नव्हे : समलिंगी विवाहाला मॉरिशसमध्ये आजही मान्यता नाही, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही मॉरिशसच्या निकालानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, असा विवाहहक्क मान्य करण्यास नकार दिला.

मराठी वाचकासाठी हा देश केवळ मधुचंद्राचे ठिकाण नाही. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लेखी करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी, जे लाखो भारतीय तेथे गेले, त्यांत कोकणातील आणि देशावरील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी आपले देव आणि सण जपले, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते. परक्या भूमीवर ही ओळख टिकवण्याचे श्रेय कुटुंब आणि मंडळ या संस्थांना जाते. पण याच संस्थांच्या चौकटीत विवाह आणि वंशसातत्य यांना मध्यवर्ती स्थान असल्यामुळे समलिंगी मुलाला किंवा मुलीला घरात सत्य सांगणे कठीण जाते, हा अनुभव रत्नागिरी-साताऱ्यातील घरांनाही अपरिचित नाही. मुंबईहून थेट विमानाने तेथे उतरणाऱ्या मराठी समलिंगी जोडप्याला समुद्राइतकेच तेथील मराठी समाजाशी असलेले हे नातेही पाहता आले पाहिजे.

इतर द्वीपराष्ट्रांशी तुलना केल्यास मॉरिशसच्या वाटचालीचे मोल कळते. सेशेल्सने २०१६ मध्ये संसदेमार्फत समलिंगी संबंधांवरील बंदी उठवली, तर श्रीलंकेत १८८३ च्या दंडसंहितेची कलमे ३६५ आणि ३६५ अ अजूनही अस्तित्वात आहेत. मालदीवमध्ये २०१५ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेनुसार समलिंगी संबंध हा कैद आणि फटक्यांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. तेथे बहुतेक रिसॉर्ट स्वतंत्र निर्जन बेटांवर वसवलेली असल्यामुळे परदेशी पाहुणा आणि स्थानिक नागरिक यांची आयुष्ये भौगोलिकदृष्ट्याच विभागली जातात. रिसॉर्टमधील सवलत त्या बेटाबाहेर कोणाच्याही उपयोगी पडत नाही आणि पाहुण्यालाही ती हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणूनच मिळते.

म्हणूनच प्रवासाची तयारी करताना हॉटेलाच्या जाहिरातीतील सप्तरंगांपेक्षा त्या देशातील दंडसंहिता, भेदभावविरोधी कायदा आणि हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थांची स्थिती यांकडे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते. भारत आणि मॉरिशस या दोन्ही देशांत जोडीदाराला कायदेशीर नातेवाइकाचा दर्जा नसल्यामुळे वैद्यकीय निर्णयांचे लेखी अधिकारपत्र आणि जोडीदाराचे नाव नोंदवलेला प्रवास विमा सोबत असणे हितावह आहे. पारलिंगी प्रवाशाने पासपोर्टवरील नाव, लिंगनोंद आणि छायाचित्र एकमेकांशी आणि तिकिटाशी जुळत असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. लैंगिक कलाच्या कारणावरून खोली किंवा सेवा नाकारली गेल्यास मॉरिशसचा समान संधी कायदा आपल्या बाजूने उभा आहे, हेही प्रवाशाला ठाऊक असावे.

पाहुण्याला मिळणारे स्वातंत्र्य यजमानांनी स्वतःसाठी मिळवलेल्या स्वातंत्र्यापेक्षा अधिक टिकाऊ असू शकत नाही, हे मॉरिशसच्या इतिहासाचे सार आहे. पर्यटनाच्या पैशाने कलम २५० बदलले नाही. ते बदलले तेथील नागरिकांनी, स्वतःची नावे उघड करून, धमक्या सोसून आणि चार वर्षे न्यायालयात उभे राहून. त्यांच्या लढ्याचे फळ उपभोगणाऱ्या प्रवाशाने त्या संस्थांना पाठबळ द्यावे, स्थानिकांना समानतेने वागवणाऱ्या व्यवसायांनाच आपला पैसा द्यावा आणि परतल्यावर स्वतःच्या देशातील अपुऱ्या हक्कांसाठी तितक्याच निर्धाराने उभे राहावे, ही अपेक्षा न्याय्य आहे.