मणक्यातला स्क्रू : ऑपरेशनआधी विचारा, नंतर गप्प राहू नका

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मणक्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं. तेव्हा गटातल्या एक मावशी बोलल्या, "कर्ज द्या, पण काय विचारायचं तेही तिला सांगा. मला कोणी सांगितलं नव्हतं."

मावशींच्याही मणक्यात स्क्रू बसवलेत. ऑपरेशननंतर पायाला मुंग्या येत, पंजा उचलत नव्हता. 'असंच असतं' म्हणून त्या तीन आठवडे गप्प राहिल्या. तपासणीत दिसलं, एक स्क्रू नसेला लागत होता. पुन्हा ऑपरेशन झालं. दुखणं थांबलं, पण पंजात पूर्ण जोर आला नाही. कापूस वेचायला जाणं सुटलं.

असं का होतं? मणका सरकला किंवा मोडला तर शेजारचे मणके स्क्रू आणि रॉड घालून जोडतात. स्क्रू हाडाच्या एका अरुंद वाटेतून जातो. ही वाट काही मिलिमीटरच रुंद असते. आतल्या बाजूला मज्जारज्जू आणि नसा, पुढे मोठ्या रक्तवाहिन्या. त्यामुळे चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही स्क्रू थोडा बाजूला जाऊ शकतो. दोन मिलिमीटरच्या आत सरकला आणि त्रास नसेल, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. नस दबत असेल तर तो काढून नीट बसवावा लागतो, आणि जितकं लवकर तितकं बरं.

ऑपरेशनआधी हे विचारा : ऑपरेशनशिवाय इलाज आहे का? कोणते मणके जोडणार? ऑपरेशन चालू असताना एक्स-रेवर स्क्रू बघणार का? नंतर जागा कशी तपासणार? हाडं ठिसूळ असतील तर स्क्रू सैल होतो, म्हणून तीही तपासून घ्या. मिश्री, तंबाखू सोडा. त्याने हाड जुळायला वेळ लागतो.

ऑपरेशननंतर पायात नवी कमजोरी आली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका. स्क्रूची जागा सीटी स्कॅनमध्ये सगळ्यात नीट दिसते.

सुट्टी होताना स्क्रूचं स्टिकर कार्डावर लावून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. 2010 मध्ये डीप्यू कंपनीने खुब्याचा एक कृत्रिम सांधा जगभरातून परत मागवला. भारतात तो बसवलेल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. तुमचा कागद तुमच्याकडे असू द्या. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यावीत, असा डॉक्टरांसाठी नियमच आहे.

शरीरात बसवलेल्या वस्तूचा त्रास झाला तर 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं. कर्ज काढण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे 155388 वर विचारा.

आम्ही ताईंचं कर्ज मंजूर केलं. सोबत प्रश्नांचा कागद दिला, आणि डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मावशी गेल्या. तुमच्या गटातही कोणी एकटी जात असेल, तर तिच्यासोबत जा.