दुधीचे सूप, सगळ्यांच्या वाडग्यात

मागच्या पावसाळ्यात अब्बांचे उरलेले दात काढावे लागले. कवळी बसवायला अजून अवकाश होता. "काही दिवस मऊ खा," असे डॉक्टरांनी सांगितले आणि अब्बांचे जेवणच तुटले. खिचडीचे दोन घास घेत, पेजेची वाटी तशीच बाजूला सारत. आम्ही दस्तरखानावर भाकरी-सालन खायचो आणि ते खाटेवर वाटी धरून बसायचे. सदरा अंगावर सैल दिसू लागला. एका रात्री म्हणाले, "बेटा, भूक नाही असं नाही. आजाऱ्याचं वेगळं ताट नको वाटतं."

ते शब्द मनाला लागले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना दुधी आणला. सूप करायचे, पण सगळ्यांसाठी.

पहिला प्रयत्न फसला. घट्टपणा यावा म्हणून कॉर्नफ्लॉवर घातले, त्याची खळ झाली. शिवाय गरम सूप मिक्सरमध्ये फिरवले, तर वाफेने झाकण उडाले आणि हात थोडक्यात वाचला. मग लक्षात आले की सूप मऊसूत होते ते भाजी पूर्ण शिजल्यामुळे. मलई किंवा पीठ लागतच नाही.

चार जणांसाठी साहित्य : अर्धा किलो कोवळा दुधी, 1 गाजर, 1 कांदा, 2 मोठे चमचे मूगडाळ, 4 लसूण पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, 2 चमचे तूप, मिरपूड, मीठ, 4 कप पाणी.

कृती : दुधी सोलून आधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. हा कडवटपणा शिजवूनही जात नाही आणि त्याने उलट्या, जुलाब होऊन जिवावर बेतू शकते. बिया जून असतील तर काढा.

कुकरमध्ये तुपावर कांदा, लसूण, आले मंद परता. कांदा फक्त पारदर्शक व्हावा. लाल झाला तर सुपाचा रंग आणि चव दोन्ही बदलतात. भाज्यांच्या फोडी, धुतलेली डाळ आणि पाणी घालून मध्यम आचेवर तीन-चार शिट्ट्या करा. गाजराची फोड बोटांत सहज चिरडली पाहिजे. नंतर पाणी वेगळे काढा आणि भाजी कोमट होऊ द्या. मिक्सरचे भांडे अर्धेच भरून बारीक वाटा आणि चाळणीतून गाळा. काढलेले पाणी लागेल तसे मिसळून एक उकळी आणा. मीठ, मिरपूड शेवटी घाला. लिंबू पिळायचे तर गॅस बंद केल्यावर.

मूगडाळ वगळू नका. दाट सुपाने पोट भरते, पण नुसत्या भाजीत प्रथिने फार थोडी असतात. रक्तदाब असेल तर मीठ कमी करून लिंबू वाढवा. अर्धांगवायूनंतर पातळ पदार्थ पिताना ठसका लागत असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दात काढलेल्या माणसाला सूप कोमटच द्या.

त्या रात्री दस्तरखानावर सगळ्यांपुढे सारखेच वाडगे ठेवले. आमच्यासाठी तव्यावर भाजलेल्या पावाचे तुकडे होते, अब्बांच्या वाडग्यात तुपाचा जास्तीचा थेंब. दुधी पाहून माझ्या मुलाने नाक मुरडले. लहानपणी आम्हीही मुरडत असू. तेव्हा अब्बा हजरत अनस (रजि.) यांचा प्रसंग सांगायचे. एका शिंप्याच्या घरच्या दावतीत प्रेषित (सल्ल.) शोरब्यातल्या दुधीच्या फोडी वेचून खात होते. ते पाहून हजरत अनस यांनाही दुधी कायमचा आवडू लागला.

मी काही बोलले नाही. अब्बांनीच खाटेवरून उठून वाडगा दस्तरखानावर आणला, नातवाशेजारी बसले आणि तोच प्रसंग त्याला सांगू लागले. सांगता सांगता त्यांचा वाडगा रिकामा झाला. मग म्हणाले, "मिरी कमी पडली. उद्या जरा जास्त घाल."

अल्हम्दुलिल्लाह, आता कवळी बसली आहे आणि अब्बा भाकरी खातात. सूप मात्र आठवड्यातून एकदा होतेच. तुमच्या घरातही कुणी आपली वाटी घेऊन बाजूला बसत असेल, तर एक दिवस तेच सगळ्यांसाठी शिजवून पाहा.