पेंडीची परतफेड

तेल हे हवापाण्याचं धन. कार्बन, हायड्रोजन आणि थोडा ऑक्सिजन एवढ्यावर पीक ते तयार करतं. रानातून उचललेलं नत्र, स्फुरद, पालाश मात्र बहुतेक सगळं पेंडीत उरतं. म्हणून तेल विकल्यानं रान फारसं झिजत नाही, पेंड गावाबाहेर गेली की झिजतं. जालना जिल्ह्यातल्या तेलबियांचा मागोवा घेताना मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

लाकडी घाण्याच्या दिवसांत पेंड फार लांब जात नसे. करडई, जवस, तीळ तेल्याकडे. तेल घरात, पेंड दावणीला, शेण उकिरड्यात आणि उकिरडा मृगाआधी रानात. १९००च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे आली आणि जालन्याचा बाजार वाढला. 'जालना सोने का पालना' ही ख्याती ज्या व्यापारानं टिकवली, त्यात जिनिंग आणि तेलगिरण्यांचा वाटा मोठा. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं 'महिको' ही बियाणे कंपनी उभी केली. २००२ मध्ये तिच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि देशाचं उत्पादन २००२-०३ मधल्या १३६ लाख गाठींवरून २०१३-१४ पर्यंत ३९८ लाखांवर गेलं. क्विंटलभर कापसात रुई ३३-३४ किलो, सरकी साठ किलोच्या वर. एवढ्या सरकीची ढेप भाव मिळेल तिकडच्या गोठ्यांत गेली आणि इथल्या रानात युरिया-डीएपीच्या गोण्या आल्या.

पेंडीतून बायोगॅस काढून तिचं सत्त्व रानाला परत देता येतं. पण चांगली ढेप गॅससाठी वापरावी, असं मी कधीच म्हणणार नाही. संध्याकाळी भिजत घातलेली ढेप सकाळी घमेल्यात फुगून येते, म्हैस ती चाटूनपुसून खाते. तिच्यावर पहिला हक्क जनावराचाच. प्रश्न आहे तो जनावर तोंड लावत नाही त्याचा: बुरशी लागलेली पेंड, कडू करंज, विषारी एरंड, रिफायनरीतला तेलकट गाळ.

या मालाला वाट दाखवली ती पुण्याच्या 'आरती' संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांनी. फलटणला करडईवर काम केलेल्या या शास्त्रज्ञानं साधा विचार मांडला. शेण म्हणजे जनावरानं सत्त्व काढून घेतलेलं अन्न. मग जिवाणूंना थेट अन्नच का देऊ नये? पंचवीस किलो शेणातून जेमतेम एक घनमीटर गॅस निघतो. पीठ, खरकटं, अखाद्य तेलबियांची पेंड यांतून वजनाच्या मानानं कितीतरी पट जास्त, आणि तोही लवकर. याच विचारावर बेतलेल्या त्यांच्या छोट्या बायोगॅस संयंत्राला २००६ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

पण पेंडीचं काम नाजूक असतं. तिच्यात नत्र जास्त. नुसतीच घातली तर अमोनिया साठतो. तेलाचा अंश जास्त झाला तर वर साय धरते, आम्ल वाढतं आणि गॅस बंद पडतो. म्हणून सुरुवात शेणानं करायची, मग थोडी थोडी पेंड, जोडीला सोयाबीनचं भुसकट. मिथेन निघून जातो तो कार्बन आणि हायड्रोजन घेऊन. नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतात. घाण्याच्या काळात बैलाच्या पोटात जे घडायचं, तेच इथं टाकीत घडतं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं 'सतत' योजना आणली, कॉम्प्रेस्ड बायोगॅसला पेट्रोलियम कंपन्यांची खरेदी मिळाली. खताकडे लक्ष जायला मात्र २०२३ उजाडलं. तेव्हा अशा प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये साहाय्य ठरलं. हा उशीर मला खटकतो. युरियाच्या एका गोणीतलं नत्र द्यायला ओली स्लरी कित्येक क्विंटल लागते. ती चाळीस-पन्नास किलोमीटर वाहून नेली तर भाड्यातच सगळं जातं. तेव्हा एकच अवाढव्य प्रकल्प नको. भोकरदन, अंबड, परतूर अशा तालुक्याच्या गावी, जिनिंग-तेलगिरण्यांच्या शेजारी लहान संयंत्रं हवीत, आणि साहाय्य ठरवताना गॅसइतकंच वजन रानात पोचलेल्या स्लरीला मिळायला हवं.