स्वमग्न अपत्याचे प्रौढत्व आणि पित्याची भूमिका : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

स्वमग्नतेविषयी मराठीत होणारे बरेचसे लेखन बालपणापुरते आणि आईच्या कष्टांपुरते मर्यादित असते. वस्तुतः स्वमग्नता हा बालपणीचा आजार नसून मेंदूच्या विकासातील आयुष्यभर सोबत राहणारे वेगळेपण आहे. तीन वर्षांचे मूल तीस वर्षांचा पुरुष होते, तेव्हा त्याचे वडील साठीच्या घरात असतात. 'आपल्यामागे याचे कसे होणार?' हा त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा प्रश्न बनतो. प्रस्तुत लेखात पित्याच्या भूमिकेतील या स्थित्यंतराचे आणि त्यासाठी उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गांचे विवेचन केले आहे.

पहिल्या नोंदीतील पिता :

स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास एका पित्याच्या पत्राने सुरू होतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचे वकील बीमन ट्रिपलेट यांनी १९३८ मध्ये आपल्या मुलाच्या वर्तनाचे ३३ पानी टिपण डॉ. लिओ कॅनर यांना पाठविले. कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यांत डोनाल्ड ट्रिपलेट हा पहिला होता. पुढे पालकांच्या, विशेषतः आईच्या थंडपणामुळे स्वमग्नता उद्भवते असे मत बळावले. ते १९६४ मध्ये ग्रंथरूपाने खोडून काढणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हेही एका स्वमग्न मुलाचे वडीलच होते.

डोनाल्डचा पुढील जीवनक्रम अधिक उद्बोधक आहे. काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा विलक्षण नाद होता. त्या शेतकऱ्याने तो नाद मोडण्याऐवजी नांगरताना मक्याच्या ओळी मोजण्याकडे वळविला. पुढे डोनाल्डने गावातील बँकेत नोकरी केली. कुटुंबाने त्याच्यासाठी न्यास स्थापन करून ठेवला होता. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. हे कुटुंब सधन होते, हे विसरून चालणार नाही. तथापि स्वभावाला अनुरूप काम, ओळखीचे गाव आणि आगाऊ केलेली तजवीज या तीन गोष्टी केवळ श्रीमंतीच्या नव्हेत.

पौगंडावस्थेतील स्थित्यंतर :

परभणी हा प्रामुख्याने शेतीप्रधान जिल्हा आहे. येथील कुटुंबव्यवस्थेत पिता हा कमावता आणि मुलाची दैनंदिन शुश्रूषा आईची, अशी विभागणी रूढ आहे. मुलगा वयात येताच ही विभागणी अपुरी पडते. त्याची अंघोळ, दाढी, अंगाला स्पर्श कोणी करावा आणि कोणी करू नये याचे शिक्षण, एस.टी.चा प्रवास, लग्नातील वाजंत्री वा उर्सातील गर्दी असह्य झाल्यास त्याला शांतपणे बाहेर आणणे, ही कामे पित्याकडे येतात. ज्या पित्याने मुलाचे बालपण दुरून पाहिले, त्याला ती एकाएकी जमत नाहीत. शेतीत मात्र एक अनुकूलता आहे. गुरांना ठरल्या वेळी वैरण-पाणी करणे, रोपांना पाणी देणे, शेंगा निवडणे अशी ठरावीक क्रमाने होणारी कामे अनेक स्वमग्न तरुणांना रुचू शकतात. ती ओळखून हाती देणे हे पितृत्वाचेच कार्य होय.

अठराव्या वर्षाची सीमा :

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पिता हा नैसर्गिक पालक असतो. परंतु ते पालकत्व अपत्य १८ वर्षांचे होताच संपते. घरात काहीच बदलत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने पिता मुलाच्या वतीने सही करू शकत नाही. ही पोकळी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ ने भरून काढली. त्यानुसार जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती पालकाची नियुक्ती करते. नियुक्त पालकास सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब सादर करावा लागतो.

१९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने तिचा २१ दिव्यांगत्व प्रकारांत समावेश केला आणि मर्यादित पालकत्वाची संकल्पना मांडली. पालकाने परस्पर निर्णय न घेता, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिच्या इच्छेनुसार निर्णय घ्यावा, हा तिचा आशय आहे. जो तरुण बोलत नाही, त्यालाही आवडनिवड असते. ती वाचण्याची सवय पित्याने भावी पालकालाही लावावी लागते.

मालमत्तेची तजवीज :

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २८ नुसार कोणत्याही रोगामुळे वा व्यंगामुळे वारसाहक्क जात नाही. म्हणजेच सातबाऱ्यावर स्वमग्न मुलाचे नाव लागण्यास बाध नाही. प्रश्न हक्काचा नसून व्यवस्थापनाचा आहे. 'भाऊ सांभाळेल' हे गृहीत धरण्यापेक्षा मृत्युपत्र करणे, तसेच भारतीय न्यास अधिनियम, १८८२ अन्वये खाजगी न्यास स्थापून जमिनीचे उत्पन्न मुलासाठी राखणे अधिक सुरक्षित आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ लागू असलेल्या कर्मचाऱ्याच्या, उपजीविका मिळवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठीची प्रमाणपत्रे आणि कार्यालयातील नोंदी पित्याने हयातीतच पूर्ण कराव्यात.

समारोप :

१९९० मध्ये काही पालकांनी एकत्र येऊन 'आधार' ही संस्था उभारली. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या आजीव निवासाचे तिचे कार्य बदलापूर येथे चालते. एकट्या पित्याला न सुटणारा प्रश्न पालकांचा समूह सोडवू शकतो, हे या उदाहरणाने दाखविले आहे. परभणीतील महाविद्यालयांच्या समाजकार्य, विधी व मानसशास्त्र विभागांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेला अशा पालकांना एकत्र आणणे व अर्जप्रक्रियेत साहाय्य करणे शक्य आहे. मुलाला आपल्याविना राहता येईल अशी व्यवस्था आपण असतानाच करणे, हेच स्वमग्न अपत्याच्या पित्याचे सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक कर्तव्य आहे.