असं का? : उपचारांसाठी परळच का?

मुंबईतल्या परळच्या फुटपाथवर जळगाव, सोलापूर, रत्नागिरीहून आलेली कुटुंबं रिपोर्टांची फाइल सांभाळत बसलेली दिसतात. एवढी मोठी रुग्णालयं एकाच भागात कशी?

मीठ गल्लीतल्या वाण्याकडे मिळतं. लग्नाचा बस्ता बांधायला मात्र दादर गाठावं लागतं. गरज जितकी क्वचित, तितकी ती भागवणाऱ्याला मोठी लोकसंख्या लागते. तापाच्या डॉक्टरला एक गाव पुरतं. दुर्मीळ कर्करोगाच्या तज्ज्ञाला अनेक जिल्हे लागतात. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये गावं-शहरांची ही उतरंड मांडली.

मग एकातून दुसरं वाढत जातं. १८९९ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा परळला आली, १९२६ मध्ये केईएम रुग्णालय, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय. रुग्ण वाढले की तज्ज्ञांचा अनुभव वाढतो, शिकाऊ डॉक्टर येतात, औषधांची दुकानं आणि धर्मशाळा उभ्या राहतात. त्यामुळे आणखी रुग्ण येतात.

अवघड शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रातच व्हायला हवी. पण नेहमीच्या तपासण्या आणि पुढची औषधं जिल्ह्यातच मिळाली, तर प्रवास वाचेल, मजुरी बुडणार नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयं भक्कम व्हायलाच हवीत.